वाड्यात स्टुडिओ थाटताना : आधी पाणी, मग लाकूड, टेबले शेवटी

पुण्याच्या पेठांत उरलेल्या वाड्यांपैकी एखादा विकत किंवा भाड्याने घेऊन तिथे डिझाइनचा, ॲनिमेशनचा, छपाईचा किंवा वास्तुरचनेचा स्टुडिओ काढावा, असा विचार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एक चित्र असते : उघड्या विटांची भिंत, तिच्यावर लोंबणारे पिवळे दिवे आणि मधोमध एक लांबलचक टेबल. ते चित्र मी बाजूला ठेवायला सांगतो. वाड्याच्या विटा पातळ असतात, त्या मातीत किंवा चुन्यात रचलेल्या असतात आणि वरचा चुन्याचा गिलावा हे त्यांचे कातडे असते. ते सोलले की सांध्यांतली माती झडू लागते आणि वर्षभरात संगणकांच्या पंख्यांत जाऊन बसते.

वाड्यात कचेरी थाटणे ही कल्पना मात्र नवी नाही. सावकाराची पेढी ओसरीवरच चालत असे, आणि नारायण पेठेतला गायकवाड वाडा १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांनी घेतल्यावर तिथे 'केसरी'चे कार्यालय आले. आज त्याला सगळे केसरीवाडाच म्हणतात. वाड्याला काम सोसते. त्याला सोसत नाही ते चुकीच्या जागी घातलेले वजन आणि चुकीच्या जागी अडवलेले पाणी. पुढे जे लिहिले आहे ते एक चौक, तळमजला आणि वर माडी असलेल्या, साधारण शंभर-दीडशे वर्षांच्या मध्यम वाड्याला धरून आहे, आणि पायऱ्यांचा क्रम मुद्दाम तसा ठेवलेला आहे.

पहिली पायरी : कागद

वाडा पाहण्याआधी त्याचे कागद पाहावेत. शहरातल्या मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा काढावा आणि त्यावरची नावे एकेक करून वाचावीत. वारसनोंदी वेळच्या वेळी झालेल्या नसतील तर पत्रकावर आजोबांचे नाव आणि प्रत्यक्षात चार शहरांत विखुरलेले अकरा हिस्सेदार, असा प्रकार सर्रास आढळतो. त्यांतल्या एकाशी केलेला करार उरलेल्या दहांवर बंधनकारक आहे असे गृहीत धरू नये. वाड्यात जुने भाडेकरू असतील तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्यांना असू शकते; ते आहे की नाही हे वकिलाकडून लेखी घ्यावे. तळमजल्यावर चाळीस वर्षे राहणाऱ्या काकूंच्या खोलीवर, त्यांच्याशी एक शब्दही न बोलता, आपल्या बैठकीच्या खोलीचा नकाशा काढू नये, हे खरे तर सांगावे लागू नये.

भाड्याने घेणार असाल तर करार लेखी आणि नोंदणीकृत असणे याच कायद्याने आवश्यक आहे. मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर छप्पर उतरवून चुन्याचे काम काढणे हा निव्वळ वेडेपणा आहे; दुरुस्तीत आपले पैसे घालायचे असतील तर नऊ-दहा वर्षांपेक्षा कमी मुदतीला मी तरी होकार देणार नाही, आणि छप्पर, तुळया व बाहेरच्या भिंती यांची दुरुस्ती मालकाची की आपली, हे करारात नावानिशी लिहून घेईन.

त्यानंतर तीन गोष्टी तपासाव्यात. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, ही पहिली. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि तिच्यातल्या वारसाविषयक नियमांत श्रेणी एकच्या इमारतीला, तिचे आयुष्य वाढवण्यापुरते सोडल्यास, आतून-बाहेरून हात लावता येत नाही. श्रेणी दोनमध्ये अंतर्गत बदलांना छाननीनंतर वाव आहे, आणि श्रेणी तीनमध्ये तो अधिक आहे. दुसरी गोष्ट अंतराची. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, आणि १०० मीटरच्या आतली दुरुस्तीही आधी परवानगी घेऊनच करावी लागते. शनिवारवाडा हे असे स्मारक असल्यामुळे कसबा आणि शनिवार पेठेतल्या अनेक घरांना हा नियम थेट लागू होतो. तिसरी गोष्ट म्हणजे पावसाळ्याआधी महापालिका काढते ती धोकादायक इमारतीची नोटीस. ती भिंतीवर चिकटवलेली दिसली म्हणून लगेच पळून जाऊ नये, पण जुन्या बांधणीची जाण असलेल्या संरचना अभियंत्याचा अहवाल हातात येईपर्यंत एक रुपयाही इसार देऊ नये.

राहत्या जागेत कचेरी चालवण्यासाठी वापरबदलाची मंजुरी लागते आणि ती पुष्कळदा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अडते. बोळातल्या वाड्यांचे घोडे इथेच पेंड खाते. म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

दुसरी पायरी : एक पावसाळा नुसते पाहणे

शक्य असेल तर ताबा मिळाल्यावर एक पावसाळा काहीही न करता काढावा. ग्राहकाला हा सल्ला कधीच आवडत नाही, कारण भाडे सुरू झालेले असते. पण जुलैच्या संततधारेत टॉर्च आणि खडू घेऊन वाड्यात दोन तास फिरल्यावर जे कळते ते डिसेंबरमध्ये कितीही मोजमापे घेतली तरी कळत नाही. जिथे ओल दिसेल तिथे तिच्या कडेने खडूची रेघ ओढून तारीख लिहावी. आठवड्याने पुन्हा पाहावे. रेघ वरून खाली सरकत असेल तर दोष कौलांत किंवा पन्हळीत आहे. जमिनीकडून वर चढत असेल तर जोत्यात, म्हणजे घर ज्या उंच दगडी चौथऱ्यावर उभे आहे त्यात, आहे. आणि पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी एकाच ठिकाणी ओल टिकून असेल तर तिथे आत कुठेतरी नळ गळतो आहे, पावसाचा त्याच्याशी संबंध नाही.

चौकात उभे राहून आणखी एक गोष्ट पाहावी. वर्षानुवर्षे डांबरावर डांबर चढून पेठांतले रस्ते वर आले आहेत आणि अनेक वाड्यांचे चौक रस्त्यापेक्षा खाली गेले आहेत. चौकातले पाणी ज्या मोरीतून पूर्वी बोळात जात असे, त्याच मोरीतून आता बोळातले पाणी चौकात येते. नदीकाठच्या पेठेतला वाडा असेल तर शेजारच्या वयस्कर मंडळींना १२ जुलै १९६१ बद्दल विचारावे. पानशेतच्या पुरात पाणी कुठपर्यंत चढले होते हे अजूनही लोक हाताने उंची दाखवून सांगतात, आणि त्या उंचीखालच्या भिंतींत नंतर सिमेंटची ठिगळे लावलेली असण्याचा संभव मोठा असतो.

तिसरी पायरी : मोजणी, पेचकस आणि खण

पावसाळा संपताच वाड्याची संपूर्ण मोजणी करावी. जुने नकाशे मिळाले तरी त्यांच्यावर विसंबू नये. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा : ओसरीच्या रांगेला अ१, अ२, अ३, माजघराच्या रांगेला आ१, आ२. ही अक्षरे नकाशावर असतातच, पण खांबावरही तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या, जरा वर लहान आकारात रंगवून घ्यावीत, कारण सहा महिन्यांनी सुतार, वायरमन आणि तुम्ही एकमेकांशी याच भाषेत बोलणार आहात.

लाकूड तपासायला सुरुवातीला महागडे यंत्र लागत नाही. लाकडी हातोडीने खांबावर खालपासून वरपर्यंत ठोकत जावे. निरोगी सागाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. पाव इंचही न शिरता अडले तर लाकूड ठीक आहे. एका वाड्यात आ३ हा खांब ऑइलपेंटच्या सात-आठ थरांखाली नव्यासारखा गुळगुळीत दिसत होता, आणि त्याच्या तळाशी माझा पेचकस मुठीपर्यंत आत गेला. वाळवीने खांबाचा गाभा खाऊन रंगाची तेवढी नळी शिल्लक ठेवली होती. वरची तुळई शेजारच्या दोन खांबांवर कशीबशी तोलली गेली होती. सर्वांत फसवे खांब मात्र भिंतीत असतात. पुण्याच्या वाड्यांत अनेकदा भिंतीतही लाकडी सांगाडा असतो, त्याच्या मधली जागा विटांनी भरलेली असते, आणि हे गाडलेले खांब ओल लागून कुजले तरी बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मोरी, न्हाणीघर आणि पन्हळीच्या खालच्या भिंतींत दोन-चार ठिकाणी गिलावा काढून आत पाहणे भाग असते.

मोजणीतून हाती येणारे सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे खण. दोन खांबांमधले किंवा दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि ते बहुधा पाच-सहा फुटांच्या आसपास भरते. जुनी माणसे घराचे क्षेत्रफळ चौरस फुटांत सांगत नसत, किती खणी घर आहे ते सांगत. मी आजही स्टुडिओची आखणी खणांतच करतो. एका खणात पाच फुटी टेबल आणि एक खुर्ची नेमकी बसते. सहा खणांची ओसरी म्हणजे सहा जणांची जागा. ज्यांनी बाजारातली आठ फुटी टेबले आधी घेऊन ठेवली आणि मग खांब आडवे येतात म्हणून ते काढता येतील का असे विचारले, त्यांना द्यायला माझ्याकडे एकच उत्तर आहे : टेबले परत करा.

चौथी पायरी : कोणते काम कुठे

वाड्याच्या जागांना स्वभाव असतो आणि काम त्या स्वभावाप्रमाणे वाटावे. ओसरीवर चौकातला उजेड येतो, माणसांची ये-जा तिथूनच होते, म्हणून रेखाटन, मॉडेल बनवणे, गप्पा आणि पाहुणे यांना ती उत्तम. पण चमचमत्या पडद्यासमोर बसणाऱ्याला दुपारी एक ते तीन तिथे काहीही दिसत नाही. माजघर अंधारे असते ही तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने व्हिडिओ संपादन, रंगदुरुस्ती यांसारखी पडद्यावरची कामे माजघरात सुखाने होतात. पागा, म्हणजे घोड्यांचा तबेला, असेल तर तिथे जमीन दगडी असते, छत उंच असते आणि वर दुसरा मजला नसतो : छपाईची यंत्रे, सुतारकाम, सिरॅमिकची भट्टी यांना दुसरी योग्य जागा नाही. धान्याचे बळद म्हणजे आयते भांडार. देवघराचे काय करायचे हा प्रश्न मी नेहमी मालकांवर सोडतो. एका ठिकाणी त्यांनी देव नेले पण समई ठेवली, आणि स्टुडिओतली मुले ती संध्याकाळी लावतात.

वजनाचा हिशेब मात्र स्वभावावर सोडून चालत नाही. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, तर कचेरीसाठी २५० ते ४०० किलो. म्हणजे माडीवर कचेरी न्यायची तर मजल्याकडून सव्वापट ते दुप्पट अपेक्षा आहे, आणि तो मजला शंभर वर्षांचा कडीपाट आहे : तुळयांवर कड्या (लहान आडवी लाकडे), कड्यांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि वर फरशी. पुस्तकांचे कपाट घ्या. कागदाने भरलेल्या एका मीटर फळीचे वजन तीस-चाळीस किलो धरले तर पाच फळ्यांचे कपाट दर मीटर लांबीला दीडशे-दोनशे किलो होते, आणि ते सगळे उभे असते फूटभर रुंदीच्या पट्टीवर. चौरस मीटरचा हिशेब मांडला की आकडा पाचशेच्या वर जातो. त्यामुळे ग्रंथालय, कागदाचे गठ्ठे, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी तळमजल्यावर. माडीवर माणसे, हलकी टेबले आणि बैठका. माडीवरचा मातीचा थर अभियंत्याच्या देखरेखीखाली उतरवून हलका केला तर पुष्कळ भार कमी होतो. पण तोच थर खालच्या मजल्याला पावलांच्या आवाजापासून वाचवत असतो, त्यामुळे काढण्याआधी विचार करावा.

जोत्याचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा लागतो. दोन फूट उंच जोते चढायला २४ फूट लांबीचा उतार हवा, आणि तो दिंडी दरवाजासमोर (मोठ्या दारातल्या लहान दारासमोर) बोळात बसत नाही. तो चौकाच्या कडेने, दगडाला कुठेही भोक न पाडता ठेवलेल्या लाकडी चौकटीवर करता येतो. पुष्कळ वाड्यांत मागचे दार जमिनीच्या पातळीला जवळ असते, म्हणून आधी ते पाहावे.

पाचवी पायरी : पाणी

प्रत्यक्ष काम छपरापासून सुरू करावे आणि ते ऑक्टोबरअखेर सुरू करावे. कौले उतरवताना चांगली वेगळी रचून ठेवावीत, वासे व रिपा तपासाव्यात, पन्हळी संपूर्ण बदलाव्यात. कौलांखाली जलरोधक पडदा घालायचा असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारा घालावा. साधे प्लास्टिक घातले की आतली दमट हवा लाकडापाशीच कोंडते. त्यानंतर चौक. त्याची फरशी उचलून उतार पुन्हा द्यावा, मोरीला उलट पाणी अडवणारी झडप बसवावी, आणि रस्ता फारच वर असेल तर पाणी साठवायची कुंडी व पंप करावा.

स्वच्छतागृहे जुन्या न्हाणीघराच्या जागी, बाहेरच्या भिंतीला लागून आणि तळमजल्यावरच असावीत. माडीवर एक तरी हवेच असा हट्ट असेल तर ते वाड्याच्या लाकडावर न बसवता जमिनीपासून उभ्या केलेल्या स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर बसवावे. कडीपाटावरचे न्हाणीघर आज ना उद्या गळते, आणि गळती लक्षात येते तेव्हा खालची कडी कुजलेली असते.

भिंतीत खालून चढणाऱ्या ओलीबद्दल माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका कामात माजघराच्या भिंतीला जमिनीपासून चार फुटांपर्यंत ओल आणि लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारे क्षार, होता. पोपडे सुटलेला चुना काढून तिथे वॉटरप्रूफिंग मिसळलेल्या सिमेंटचा पक्का गिलावा करायचा सल्ला मीच दिला. भिंत वर्षभर सुरेख दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात ओल सिमेंटच्या पट्ट्याच्या वर, छातीच्या उंचीला निघाली, आणि तिथे पूर्वी कधीच काही नव्हते. पाणी भिंतीत तसेच चढत होते. मी फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद केली होती. शेवटी तो सगळा गिलावा छिन्नीने काढावा लागला आणि त्याच्याबरोबर विटांचे तोंडही निघाले.

सहावी पायरी : लाकूड आणि भिंती

कुजलेला खांब पाहिला की कंत्राटदार पूर्ण बदलायला सांगतो, कारण ते त्याला सोपे पडते. बहुतेक वेळा कुजलेला भाग तळाचा दीड-दोन फूटच असतो. तुळईला टेकू देऊन, कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून, तिथे वाळलेल्या जुन्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने आणि गंज न चढणाऱ्या बोल्टांनी जोडता येतो. असा साग पाडलेल्या वाड्यांचे लाकूड विकणाऱ्यांकडे मिळतो; भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात चौकशी करावी, आणि घेताना जुने खिळे व वाळवीच्या वाटा पाहूनच घ्यावा. ताजा साग जुन्याला जोडला तर तो आक्रसतो आणि सांधा उघडतो. तुळई वाकली असेल तर दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून ती मजबूत करता येते. तिला जॅकने एकदम सरळ करण्याचा मोह टाळावा. शंभर वर्षांत वाकलेले लाकूड एका दिवसात सरळ होत नाही, आणि केलेच तर वरच्या भिंती तडकतात.

भिंतींच्या बाबतीत किल्लारीचा भूकंप विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात जी घरे कोसळली त्यांत जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद (सपाट छप्पर) असलेली पुष्कळ होती. भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, त्यामुळे ते थर सुटे होऊन ढासळले. पुण्यात भूकंपाचा धोका मध्यम धरलेला असला तरी वाड्याच्या दगडी भिंतींत हाच दोष आढळू शकतो. कोपरे बांधणे, भिंतीला तुळयांशी पट्ट्यांनी जोडणे, पोकळ भिंतीत चुन्याचे पातळ मिश्रण भरणे आणि वरचे वजन घटवणे, ही कामे गिलाव्याखाली झाकली जातात आणि फोटोत येत नाहीत. अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यांनाच लागते, आणि ती लागू देऊ नये.

गिलावा चुन्याचाच हवा. कळीचा चुना विरवून, पाण्याखाली निदान काही आठवडे मुरवून, एकास तीन या प्रमाणात वाळू आणि थोडी विटांची सुर्खी (भुकटी) घालून चुना मळायच्या घाण्यात मळलेला असला म्हणजे तो हाताला लोण्यासारखा लागतो. हिरडा, बेलफळ, गूळ यांची नावे प्रत्येक गवंडी वेगळ्या प्रमाणात सांगतो. त्यावर वाद न घालता प्रत्येकाकडून मीटरभर चौकोन करून घ्यावा, महिनाभर थांबावे आणि नखाने खरवडून जो कमी भुगा देईल तो निवडावा. थर पातळ असावेत, एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा चढवू नये, आणि ओल्या गोणपाटाने तो झाकून ठेवावा. सिमेंटला सरावलेल्या कंत्राटदाराला हा वेग पाहून घाम फुटतो. म्हणून हे काम चौरस फुटाच्या दराने न देता गवंड्यांच्या रोजावर द्यावे, म्हणजे घाई करण्यात कोणाचाच फायदा राहत नाही. वर सफेदीचे तीन-चार हात द्यावेत. प्लास्टिक पेंट लावला तर वरचा सगळा परिच्छेद वाया गेला असे समजावे.

सातवी पायरी : वीज आणि आग

जुनी वायर एक इंचही ठेवू नये. नवी वायर घालताना भिंतीत झिरी मारू नये, कारण मातीच्या भिंतीत एक इंचाची झिरी मारायला गेले की चार इंचांचा खड्डा पडतो. नळ्या उघड्याच, सरळ रेषेत, कड्यांच्या बाजूने आणि खांबांच्या मागच्या अंगाने न्याव्यात; नीट केल्या तर त्या देखण्या दिसतात. इंटरनेटची केबल त्यांच्याच शेजारी स्वतंत्र नळीतून न्यावी, कारण दीड-दोन फूट जाड भिंतींतून वायफाय पोचत नाही. प्रत्येक वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच असावेत, आणि स्टुडिओतल्या यंत्रांची यादी करून मंजूर वीजभार आधी वाढवून घ्यावा.

शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, बुधवारवाडा १८७९ मध्ये. पुण्यातल्या लाकडी वास्तूंचा इतिहास हा बराचसा आगींचा इतिहास आहे. बाहेर पडायचे दोन रस्ते हवेत. दिंडी दरवाजा आत उघडतो आणि त्यातून वाकून जावे लागते, त्यामुळे कामाच्या वेळात मोठा दरवाजाच उघडा अडकवून ठेवावा. धूर ओळखणारी यंत्रे बसवताना एक बारकावा बहुतेक ठेकेदार विसरतात : सपाट स्लॅबखाली धूर पसरतो, पण कडीपाटाखाली तो दोन तुळयांमधल्या खणात कोंडतो आणि शेजारच्या खणातल्या यंत्राला त्याचा पत्ता उशिरा लागतो, म्हणून यंत्रांची आखणीही खणांप्रमाणेच करावी. बॅटऱ्या लाकडी जिन्याखाली कधीही ठेवू नयेत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली ही यंत्रणा परवानाधारक संस्थेकडून बसवून घ्यावी लागते आणि ती चालू असल्याचा दाखला दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो.

हवा, आवाज आणि हिशेब

चौक हेच वाड्याचे वायुवीजन आहे. त्यावर पारदर्शक छत घालायची कल्पना प्रत्येक ग्राहकाला सुचते. घातलेच तर ते कडांना उघडे आणि भिंतींपासून अलग असावे, नाही तर मे महिन्यात चौकाची भट्टी होते. वातानुकूलन संपादनाच्या एक-दोन खोल्यांपुरते ठेवावे, आणि त्याचे बाहेरचे यंत्र रस्त्याकडच्या सज्जावर टांगू नये. ध्वनिमुद्रणाची खोली हवी असेल तर मागच्या तळमजल्यावर, जुन्या भिंतींना कुठेही न टेकणारी एक स्वतंत्र पेटी उभारावी. उद्या स्टुडिओ हलला तर ती उचलून नेता येते आणि खोली होती तशी उरते. नवीन जे जे घालाल ते या कसोटीवर पाहावे.

पैशांबाबत एवढेच सांगतो की जुन्या वाड्यात गिलावा उघडल्याशिवाय खरे काम कळत नाही, म्हणून अंदाजपत्रकाचा चौथा हिस्सा अनपेक्षित कामांसाठी बाजूला ठेवल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. फर्निचरचा खर्च त्या हिश्श्यातून कधीही करू नये. कालावधी ऑक्टोबर ते मे असा धरला तरी परवानग्यांचे महिने त्याच्या आधी मोजावेत.

काम संपल्यावर वाडा दरवर्षी थोडा वेळ मागतो. मृग लागण्याआधी, म्हणजे मेच्या अखेरीस, कौलांची शाकारणी, पन्हळींतला पालापाचोळा आणि पारव्यांची घरटी काढणे. दसऱ्याच्या सुमारास ओलीच्या खुणा आणि वाळवीच्या वाटा पाहणे. तीन-चार वर्षांनी सफेदी. कोणत्या खांबाला कधी काय केले याची एक वही ठेवावी. आमच्याकडे ती माजघराच्या कोनाड्यात असते, आणि चौकातल्या मोरीची जाळी दर सोमवारी कोणी उचलायची याची पाळी तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.